बाबांचा चष्मा आणि तू केलेलं पान

प्रिय धाकट्या,

तुझा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या पँटची उंची कमी करत होते. सात महिन्यांतला पहिलाच फोन. तब्येत विचारलीस, दुकान विचारलंस आणि मग हळूच मुद्द्यावर आलास: ताई, हॉस्पिटलचं कॉम्प्युटरवरचं पान तू बदललंस म्हणे, कसं केलंस? पत्रात लिहिते म्हटलं. तोंडाने बोलले असते तर नको ते बोलून गेले असते.

तू ते पान बनवलंस तेव्हा बाबांना कोण अभिमान! घशाच्या ऑपरेशनने आवाज गेलेला, फोन करता येईना. पण बटण दाबलं की नर्स घरी येणार, आणि बटण मुलाने केलेलं. फक्त ते त्यांना सापडत नव्हतं. तू आलास तेव्हा त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून दिलं: मदतीचं बटण सगळ्यात वर घे. लाल कर. अक्षरं माझ्या अंगठ्याएवढी. बाकीचं झाक. तू हसलास. म्हणालास, बाबा, प्रत्येकाच्या मापाचं पान कसं शिवणार? आमच्या ऑफिसात सगळ्यांना सापडतं. तुमच्या ऑफिसातला सगळ्यात म्हातारा बत्तीसचा. मी आयुष्यभर लोकांचे कपडे उसवून मापाचे करत आले, तरी तेव्हा तुला चहा करायला उठले.

बाबा गेले त्या दुपारी मी दुकानातून घरी आले तेव्हा ते खुर्चीत होते आणि पान उघडं होतं. काय काय दाबलं त्याची वेळेसकट नोंद कॉम्प्युटरमध्ये राहिली होती: आधी 'सेवा', मग 'इतर', मग पुन्हा 'सेवा'. एकवीस मिनिटं ते शोधत होते. नर्स दहा मिनिटांवर होती. तू म्हणालास, वय झालं होतं.

पुढे शेजारच्या मास्तरीणबाईंनी मला कॉम्प्युटरवरचा एक मदतनीस दाखवला. आपल्याला काय हवं ते साध्या भाषेत सांगायचं, तो समोरचं पान तसं करून देतो. मी बाबांचा कागद जसाच्या तसा वाचून दाखवला. 'बाकीचं झाक' म्हटल्यावर त्याने बटणासकट सगळंच झाकलं. कितीतरी दिवसांनी मला हसू आलं. 'बटण सोडून' असं सांगितलं आणि चहा निवायच्या आत काम झालं. तोवर वाटायचं, खरंच अवघड असेल. तुझ्यासाठी तेवढी एकच सबब मी राखून ठेवली होती, धाकट्या.

मग ज्या आजाऱ्याने मागितलं त्याला तसं करून दिलं; आता चाळीस घरांत बाबांचं पान आहे. हॉस्पिटलच्या मोठ्या नर्सबाईंनी ते तुझ्या साहेबांना दाखवलं. शुक्रवारपर्यंत तसं करून दिलं नाही तर तुझ्या नोकरीचं काही खरं नाही, हे तू फोनवर सांगितलं नाहीस, नर्सबाईंनी सांगितलं.

शिकवीन. पण इथे ये. बाबांच्या खुर्चीत बस. त्यांचा चष्मा पुसून ठेवलाय, तो लाव. मी लावून पाहिलाय, सगळं धूसर दिसतं. तुझं जुनं पान उघडून देईन. तोंडातून शब्द काढायचा नाही, बटण शोधायचं. मी घड्याळ घेऊन शेजारी बसेन. एकवीस मिनिटांत सापडलं तर कॅलेंडरचा कागद तुझा. नाही सापडलं तर शुक्रवारी तो घेऊन मीच तुझ्या साहेबांकडे जाईन. वरच्या कोपऱ्यात बाबांनी तारीख घातली आहे, तू हसलास त्या दिवसाची.

तुझीच,
ताई