घासलेली नाणी

धर्मेशदादा,

हे तुला पाठवायची हिंमत होणार नाही, तरी लिहितेय.

तू जपायला दिलेली युरोपातल्या चित्रकारांचे चेहरे असलेली चांदीची नाणी काळवंडलेली वाटली, म्हणून लक्ष्मीपूजनाला मी ती दातांची पावडर लावून ब्रशने घासली. रेम्ब्रांटच्या नाकावर ओरखडे उठलेत. उल्हासनगरच्या सराफाने कपाळाला हात लावला. "घिसा क्यूं, बेटा? अब ये सिर्फ चांदी है."

रविवारी तू बदलापूरला येणार. मागच्या वेळी माझ्या हातून तुझा कप फुटला, तेव्हा तू काय केलंस ते मी आणि आईने कुणाला सांगितलेलं नाही.

आई म्हणते, "मी घासली म्हणून सांगेन, तू गप्प बस." सकाळपासून ती देव्हाऱ्यासमोर "नाणी मी घासली, धर्मेश" असं म्हणून बघतेय. दर वेळी तुझ्या नावापाशीच ती थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

तुझी धाकटी,
किर्ती