न तपासलेला निबंध

प्रिय हासेबे सर,

प्रथम क्षमा मागते. विद्यार्थिनीने आपल्या शिक्षकांना असे पत्र लिहावे, हे रीतीला धरून नाही. ज्या विषयावर मी लिहिणार आहे त्याविषयी तर रक्ताच्या नातेवाइकांनीही गप्प राहावे, अशी आपल्याकडची पद्धत. त्यात हे पत्र टपालाने न पाठवता फॅक्सने पाठवणे म्हणजे आणखी एक उद्धटपणा. सकाळपासून अकरा वेळा मी तुमचा फोन वाजवला. तुम्ही तो उचलला नाहीत. फॅक्सचे यंत्र मात्र कोणी उचलण्याची वाट पाहत नाही. चार वेळा वाजून ते आपले आपणच कागद बाहेर सोडू लागते. माझ्यासारख्या भित्र्या माणसाची ते यंत्र मोठीच सोय आहे.

इकडचे वर्तमान असे. ग्रंथालयाच्या खिडक्यांपर्यंत बर्फ चढला आहे. वाचायला कोणी येत नाही, त्यामुळे वर्तमानपत्रांची कात्रणे लावण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. सोमवारी जे कात्रण लावायला हातात आले, त्यात तुमच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि दोन अधिकारी टेबलामागे उभे राहून कॅमेऱ्यांपुढे माफीसाठी वाकलेले दिसतात. तुम्ही छायाचित्रात नव्हता, बातमीत होता. सात मुलांचे उच्च माध्यमिकच्या प्रवेशपरीक्षेचे अर्ज वर्गशिक्षकांच्या खणातच राहिले, मुदत टळली, आणि विचारणा झाल्यावर शिक्षकांनी एक दिवस ‘पाठवले आहेत’ असे खोटे सांगितले. मी ते कात्रण चौकोनी कापले, डिंक लावला, तारीख घातली. काहीच वाटले नाही. वाटण्याची जागा माझ्यात फार पूर्वी बधिर झालेली आहे. दाताच्या डॉक्टरांनी सुई दिल्यावर गाल आपलाच असून आपला नसतो, तसे काहीसे.

ती जागा केव्हा बधिर झाली, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक नाही. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. तांदळाची साके दारू बनवणाऱ्या कारखान्यात बाबा मुख्य कारागीर होते आणि बाटलीवर ‘फक्त आपल्या खोऱ्यातला तांदूळ’ असे छापलेले असे. तीन वर्षे त्यात बाहेरचा तांदूळ मिसळला जात होता. बातमी फुटली. तिसऱ्या दिवशी बाबांनी एका कागदावर ‘सर्व जबाबदारी माझी एकट्याची’ असे सुंदर अक्षरात लिहिले, कामाचा अंगरखा घडी करून ठेवला, आणि त्यानंतर ते घरी आले नाहीत. एवढेच मी आजवर लिहू शकले आहे. आजही एवढेच लिहिते.

उत्तरक्रियेला सारे गाव आले होते. उदबत्ती लावून जो तो आईला तेच सांगत होता. कारखान्याचे मालकही आले, गुडघे टेकून बसले, आणि म्हणाले, “वहिनी, उडून जाणाऱ्या पाखरानं मागे तळं गढूळ करू नये म्हणतात. तुमच्या यजमानांनी ते करून दाखवलं. असा स्वच्छ माणूस आता होणे नाही.” मागच्या रांगेत पिंप वाहणारे दोन हमाल हळूच बोलत होते. एक म्हणाला, “मालकाच्या तोंडावर बघ कशी टवटवी आलीय.” दुसरा म्हणाला, “गप रे, मेलेल्याच्या घरी आहोत.” मी दोन्ही ऐकले आणि मालकांचे तेवढे मनात ठेवले. स्वच्छ. किती चांगला शब्द होता तो! आठवडाभर लोक आमच्या दारावरून नजर चुकवून जात होते, आणि आता त्याच दारात ते आदराने वाकत होते. मला बाबांचा अभिमान वाटला, सर. ही गोष्ट मी आजवर कोणापाशी कबूल केलेली नाही.

त्याच अभिमानाने मी तो निबंध लिहिला. ‘निर्मळ तळे’ हे त्याचे नाव. पुस्तकी मुलगी होते. ग्रंथालयातले सगळे धुंडाळले होते. तळ्यातल्या होडीत सर्वांसमक्ष प्राण देणारा किल्लेदार त्यात होता. त्याच्या मृत्यूच्या बदल्यात वेढ्यात सापडलेल्या किल्ल्यातल्या माणसांना जीवदान मिळाले होते. त्याच्या शेजारी मी बाबांना बसवले. जिल्ह्याच्या स्पर्धेत तो निबंध पहिला येणार, असे शिक्षकांच्या खोलीत सगळे म्हणत होते. तुम्ही तो स्पर्धेला पाठवलाच नाहीत. तपासलाही नाहीत. मला शाळेच्या ग्रंथालयात बोलावलेत, रॉकेलच्या शेगडीजवळ बसवलेत, आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिलात. मग म्हणालात, “इगाराशी, भाषा फार चांगली आहे. पण त्या किल्लेदारानं माणसं वाचवली. तुझ्या बाबांनी कोणाला वाचवलं?” मग तुम्हीच म्हणालात, “तुझे बाबा चुकले. तांदळाचं म्हणत नाही मी. त्यानंतरचं म्हणतो.”

पुढची दोन वर्षे मी तुमचा द्वेष केला. सगळे गाव ज्याला गौरव म्हणत होते त्याला तुम्ही एकटे चूक म्हणालात, आणि तेही बापाविना झालेल्या मुलीच्या तोंडावर. तुमच्या शेजारच्या योने आजींनी तर तुम्हाला भर रस्त्यात सुनावले होते, “मास्तर, तुमची जीभ आहे की कोयता?” तुम्ही फक्त वाकून पुढे गेलात.

नंतर हळूहळू कळत गेले. बाबांच्या त्या कागदामुळे चौकशी आठवड्यात बंद झाली. ‘माझी एकट्याची’ म्हटल्यावर विचारायचे कोणाला? तांदूळ मिसळायचा हुकूम कोणी दिला, हे सांगू शकणारा एकच माणूस होता. आपण म्हणतो, त्यांनी जबाबदारी घेतली. पण तो शब्दच जबाब मागतो, सर, आणि जबाब द्यायला माणूस जागेवर असावा लागतो. मालक वाचले. ते दोन हमाल मात्र पुढच्या महिन्यात काढून टाकले गेले, आणि त्यांच्यासाठी बोलणारे कोणी उरले नव्हते. जुन्या काळाचेही मी पुढे पुष्कळ वाचले. त्यातले बरेचसे सन्मानाचे मृत्यू वरून आलेल्या शिक्षाच होत्या. वर फक्त चांगले रेशीम घातलेले. त्या होडीतल्या किल्लेदाराबद्दल मी आजही निवाडा देत नाही. तेवढी माझी योग्यता नाही. पण तसे तळे आणि तसा वेढा माझ्या वाचनात एकदाच आला, आणि आमच्या गावात तर तो नव्हताच.

आईविषयी तुम्हाला कधी सांगितले नाही. लोक ‘स्वच्छ माणूस’ म्हणत तेव्हा ती दर वेळी खाली वाकून आभार मानी. बाजारात, टपालकचेरीत, माझ्या पदवीदानाच्या दिवशीसुद्धा. मागच्या वर्षी श्राद्धाला ती देव्हाऱ्यातल्या बाबांच्या फोटोपुढे वाफाळता भात ठेवत होती. मी दाराआड आहे हे तिला ठाऊक नव्हते. अगदी साध्या आवाजात, मीठ संपल्याचे सांगावे तशी ती म्हणाली, “अहो, तुम्ही त्या कॅमेऱ्यांपुढे एकदाच वाकला असतात, तर भागलं असतं की. दहा वर्षं मी रोज वाकतेय. माझी कंबर गेली.” मग तिने वाटीतला भात नीट केला. तळे गढूळ झाले नाही, असे म्हणणाऱ्यांनी ते वरून, उडता उडता पाहिलेले असते. आम्ही त्यातच राहतो.

त्या दिवशी मला समजले की माझ्या उभ्या आयुष्यात एकच वाक्य मला उभे राहायला पुरले आहे, आणि ते तुमचे आहे. एकोणिसाव्या वर्षी, परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले तेव्हा, ‘स्वच्छ’ हा शब्द मलाही हाक मारून गेला होता. तेव्हा मी खोलीत बसून मोठ्याने म्हटले, “बाबा चुकले. त्यानंतरचं.” आणि मग आईला फोन केला. हे तुम्हाला सांगायचे राहूनच गेले, लाजेमुळे राहिले.

आता हे पत्र का, ते लिहिते. काल संध्याकाळी तुमचे पार्सल आले. माझ्याकडून नेलेला म्हणींचा कोश, धुतलेल्या रुमालात, कोपरे जुळवून बांधलेला. आत तो निबंध होता, अकरा वर्षांपूर्वीचा, आणि तुमची चिठ्ठी: ‘हे तुझे आहे. तुझ्या वडिलांविषयी मी जे बोललो ते बोलण्याचा अधिकार मला नव्हता. ते वाक्य मागे घेतो.’ आज सकाळी मी योने आजींना फोन केला. त्या म्हणाल्या, “मास्तरांनी काल मला त्यांचं बर्फ उपसायचं फावडं आणून दिलं गं. म्हणाले, ठेवा, मला नको. अगं, फेब्रुवारीत कोणी फावडं देतं का? मला तेव्हाच चमकायला हवं होतं, पण मी मेली मुळ्याचं लोणचं चाखायला देत बसले.” तुमच्या मनात काय आहे, हे मी स्पष्ट शब्दांत विचारते, कारण आमच्या घरी ते कोणी विचारले नाही: सर, तुम्ही जीव द्यायचे ठरवले आहे का? योने आजी आता तुमच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसल्या आहेत. “दार नाही उघडलं तर इथंच बसेन, आणि या वयात मला पडसं झालं तर पाप मास्तरांच्या माथी,” असा त्यांचा निरोप आहे. तुमच्या धाकट्या बहिणीलाही मी कळवले आहे, डॉक्टरांनाही. तुमचे गुपित मी चारचौघांत फोडले. त्याबद्दल मात्र क्षमा मागणार नाही. चोवीस तारखेला शिक्षण मंडळापुढे त्या सात मुलांची सुनावणी आहे. त्यांनी अर्ज वेळेत भरून तुमच्या हाती दिले होते, हे सांगू शकणारा एकच माणूस आहे. तुम्ही चुकलात, खोटेही बोललात. तिथे जाऊन वाका, आणि जबाब द्या. मी मागच्या बाकावर बसेन. वाक्य मात्र मी परत देत नाही. दिलेले वाक्य कोशासारखे बांधून परत करता येत नाही, आणि मला त्याची अजून गरज आहे. निबंध घेऊन तीन बाराच्या गाडीने निघते आहे. बर्फाने गाडी अडली नाही तर पाचच्या आत तुमच्या दारात असेन. शेगडी पेटवून ठेवा, आजींना आत घ्या, आणि लाल पेन शोधून ठेवा. हा निबंध तुम्ही अजून तपासलेला नाही. मला त्याचे गुण हवे आहेत.

तुमचीच विद्यार्थिनी,
तोमोए इगाराशी

फॅक्स पाठवला: गुरुवार, १९ फेब्रुवारी २००९, दुपारी २ वाजून ४१ मिनिटे