नवऱ्याचं नाव

प्रिय सुमनताई,

त्या दिवशी मी गप्प का बसले? वर्ष झालं, मला उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवीधर मी, आणि हा एक प्रश्न सुटत नाही.

आज लिहायला बसले, कारण परवा बेटेगावला तुझ्या वर्षश्राद्धाला तुझी सासू पानं वाढता वाढता बायकांना सांगत होती, "शेवटी तिला सुदच नव्हती. सोताच्या नवऱ्याचं नाव सांगता आलं नाय, बोला!" बायका चुकचुकल्या. मी हातातलं खिरीचं पातेलं खाली ठेवलं. बोलले मात्र नाही. पुन्हा गप्प!

शुद्ध नव्हती? अगं, त्या सकाळी पालघरच्या हॉस्पिटलात तू मला किती नीट समजावलंस! सातवा महिना, प्रेशर उतरत नव्हतं. "थांबलं तं मना झटके येतील, मी जाईन. आता काढलं तं बाळ वाचेल का नाय ते सांगता येत नाय, पन मी वाचेन. पिंकी दोन वर्साची हाय, रेश्मा. मना जगायचं हाय." डॉक्टरांनीही याहून वेगळं काही सांगितलं नव्हतं.

सासूबाईंना आणखी पंधरा दिवस हवे होते. "पोर पोटात भरू दे. ती तापात बडबडते, तिचं काय आयकता?" म्हणून डॉक्टरबाई तुझी शुद्ध तपासायला आल्या. नव्या होत्या, घाईत होत्या, आपल्या भागातल्या नव्हत्या.

"आज तारीख काय?"

"अवस होऊन तिसरा दिस."

त्यांनी काहीतरी लिहिलं. मी नंतर कॅलेंडर पाहिलं, ताई. तुझं बरोबर होतं.

"नवऱ्याचं नाव?"

तू माझ्याकडे पाहिलंस. रेशनच्या दुकानात पाहायचीस ना, 'तू सांग' म्हणत, अगदी तसं. तिथे मी तुला किती चिडवायचे! "घे की नाव, कुणाचं आयुष्य कमी होत नाही." आणि तू म्हणायचीस, "बीएबाई, तुझं लगीन झालं की तू घे, दिवसातून धा वेळा!"

मी तोंड उघडलं, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही नका सांगू." आणि मी खरंच सांगितलं नाही! परीक्षेत शेजारणीला उत्तर सांगू नये, एवढंच शिकले का मी कॉलेजात? की आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे त्यांच्यापुढे म्हणायची लाज वाटली?

आणि तुला तरी एकदा घेता आलं नसतं का गं ते नाव? जीव जात होता तुझा! नाही. तुझ्यावर ढकलत नाही.

कागदावर लिहिलं गेलं, 'रुग्ण निर्णय घेण्याच्या स्थितीत नाही.' मग निर्णय भाऊजींकडे गेला, म्हणजे सासूबाईंकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी तुला झटके आले. बाळही गेलं. तुला आजार कळलाय का, तुला काय हवंय, हे त्या तपासणीत कुणी विचारलंच नाही!

काल भाऊजींना म्हटलं, मी हे सगळं लिहून देणार आहे. ते म्हणाले, "आता उकरून काय मिळनार? देशील तर पिंकीला भेटायला येऊ नको."

मी येणार, ताई. दर रविवारी. आत घेतलं नाही तर ओट्यावर बसेन. पिंकीला समजायला लागलं की सांगेन, तुझी आई पूर्ण शुद्धीवर होती आणि तिला तुझ्यासाठी जगायचं होतं.

आज सकाळी हॉस्पिटलात अर्ज दिला. तुझं म्हणणं तुझ्याच बोलीत लिहिलं, माझं गप्प बसणंही लिहिलं. शिक्का मारून पोच घेतली. वर रकाना होता, रुग्णाच्या पतीचे नाव. तू माझ्याकडे पाहत होतीस ना? लिहिलं मी.

महेश.

तुझी,
रेश्मा