अननसाच्या सालींवर वाढलेला मेंढा

१२ मार्च
खाल्ल्या! आज साली खाल्ल्या त्यानं!

आणल्यापासून नुसता हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. काल विमलानं अननसाच्या साली गाळ्याच्या पत्र्यावर कडकडीत वाळवल्या, आज कोयत्यानं बारीक करून कडब्याच्या कुट्टीत मिसळल्या. त्यानं एक साल उचलली, थांबला, विचार केल्यासारखं केलं — आणि मग डोकं वर काढेचना.
"आवडलं रे बाबा तुला?" विमला म्हणाली. "कोकणात मेंढरं पाळतं कोण? मला बकऱ्याचं ठाऊक, ह्याचं काहीच नाही."

मरोळच्या ह्या गाळ्यात आम्ही दोघी इतकी वर्षं फळांचा गर काढतोय. गर आईस्क्रीमवाल्यांकडे जातो, साली आणि चोथा कचऱ्याच्या गाडीतून देवनारला. आणि देवनारच्याच बाजारातून विमला हा मेंढा घेऊन आली! नवसाचा आहे. तिच्या गावच्या राखणदार देवाला द्यायचा. पण आणला तेव्हा नुसता सापळा होता. "देवापुढे हाडं घेऊन जाऊ का?" म्हणून हा खुराक.

१३ मार्च
"कसला नवस गं?"
"आहे एक."
"सर्वेशच्या नोकरीचा?" — सर्वेश तिचा मुलगा.
"फिटेपर्यंत सांगायचा नसतो. काम कर."

२४ मार्च
दुपारी गर काढायचं यंत्र बंद होतं. मागच्या दाराशी बसून त्याचं रवंथ पाहिलं. किती वेळ, कुणास ठाऊक. गळ्यातून एक गोळा वर सरकतो, स्पष्ट दिसतो, आणि तोंड संथ फिरायला लागतं. डोळे अर्धे मिटलेले. आम्ही नको म्हणून टाकलेलं तो पुन्हा वर आणतो, पुन्हा चावतो. पेरूच्या बिया, अननसाचे काटेरी डोळे — ह्यांचंच मांस होतंय, ह्यांचंच रक्त. माझ्यासमोर! आणि बाहेर रिक्षावाले भांडतायत, कुणाला पत्ताच नाही.

५ एप्रिल
लोकर यायला लागली. केमोनंतर माझे केस आले ना, अगदी तशीच — आधी खरखरीत, मग एके दिवशी एकदम मऊ. बोटं आत घातली. आत ऊब होती.
अननसाची ऊब.

१९ एप्रिल
वाट लागली. माझ्यामुळे.
आंबा सुरू झालाय. चोथा इतका केशरी, इतका सुवासिक — काल विमला लवकर घरी गेली आणि मी बादलीभर त्याच्यापुढे ठेवला. नुसता. कोयी वेचून काढल्या, घशात अडकायला नकोत म्हणून. तेवढीच अक्कल! लाडानं एकदम जास्त वाढायची आपली खोड, जावयाला वाढावं तसं.
सकाळी डावी कूस नगाऱ्यासारखी टम्म. दात खात उभा.
गुरांचे डॉक्टर येऊन नळी घालेपर्यंत विमला त्याची मान धरून बसली होती. तिला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नाही. माझ्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा तीच मला हसवत होती.
"अगं, दुसरा आणू आपण," मी म्हटलं.
"गप!" किंचाळलीच. चिडली की मालवणी येते तिच्या तोंडात. "ह्यो मेलो तर काय होतला, म्हायत आसा तुका?"

२० एप्रिल
रवंथ केलं! थोडंसंच. पण केलं.
डॉक्टर म्हणाले, गोड एकदम नको. कुट्टी जास्त, चोथा चिमूट चिमूट वाढवत न्यायचा.

६ मे
डॉक्टरांच्याच सांगण्यावरून चोथा आणि कुट्टीचे थर पिंपात दाबून, झाकण गच्च लावून मुरत ठेवले होते. आज उघडलं. आंबट-गोड वास, मुरलेल्या लोणच्यासारखा. पुन्हा बिघडतो की काय, म्हणून मुठीएवढंच दिलं. खाऊन माझा तळहात चाटत राहिला. जीभ कानशीसारखी! विमला ओरडली, "दोघा-तिघांना पुरेल एवढं कौतुक करतेस, त्याचं नाव तरी ठेव."
मग लगेच पिंपाचं झाकण लावायला लागली. नाव नको.

१४ मे
रिपोर्ट आला. सगळं स्वच्छ!! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता वर्षानं या.
धावत गाळ्यावर गेले. विमलानं आंब्यानं बरबटलेले हात तसेच माझ्या गालांवर ठेवले. रडली. मग मागं मेंढ्याकडे जाऊन उभी राहिली, बराच वेळ पाठमोरी.

१५ मे
टेम्पो ठरवलाय तिनं. परवा गावी.
इतक्या लगेच? म्हटलं, थांब ना गं, राहू दे त्याला, देवाला नारळ देऊ.
"ठरल्यावर देवाशी घासाघीस करतेस?"
"जीव आहे तो विमला! आपण वाढवलाय!"
"आणि तुझ्याकडे रविवारी काय शिजतं? माया पण करायची, मटण पण खायचं. बरंय बाई तुमचं."
निघून आले. जेवण गेलं नाही.

१६ मे
पहाटेच गाळ्यावर गेले, त्याला शेवटचं खाऊ घालायला. विमला आधीच तिथे. दोरी धुऊन पत्र्यावर वाळत घातलेली.
"उद्या तुला यायला लागेल," म्हणाली. माझ्याकडे न बघता. "ज्याच्यासाठी नवस, त्यानं दोरी धरायची असते."
मला कळेना.
"तुझ्यासाठीच बोललंय गे. तुझे केस गळत होते तेव्हा."
तो आमच्या दोघींच्या मधे उभा. साली चावत होता.
"तिथं देवापुढचं गाऱ्हाणं पण तूच घाल," ती म्हणाली. "माझं मागून झालं, देवानं दिलं. आता त्याला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी मधे बोलणार नाही."
दोरी अजून ओली होती. मी तशीच हातात घेतली.