मांडीतून डोक्यात

३ मार्च

माझ्या डोक्यात काय आहे ते शेजारणीला आधी कळलं, मला नंतर! मुलाने जिन्यात उभं राहून तिला सगळं सांगितलं. मी विचारलं तर म्हणे, "काही नाही गं आई, जराशी सूज आहे." सूज माझी आणि बातमी गावभर!

५ मार्च

आज डॉक्टरीणबाईलाच धरलं. नातीच्या वयाची पोर, पण खरं बोलते. "आजी, मेंदूतली शीर फुगलीय. हा आजार होणाऱ्या बहुतेकांना शिरेच्या बाजूला छोटा फुगा येतो. तुमची अख्खी शीरच फुगलीय, तीही मागच्या बाजूची. असं फार थोड्यांना होतं."

चित्र बघितलं. उंदीर गिळलेला साप! फुटली तर मी संपले. कवटी उघडणं अवघड जागेचं काम — म्हणून मांडीतून बारीक नळी घालायची, शिरेशिरेतून वर डोक्यात जायचं आणि फुगलेल्या जागी आतून जाळी बसवायची.

"म्हणजे नेफ्यातून नाडी ओवतात तसं," मी म्हटलं. चाळीस वर्षं परकर शिवलेत मी.

हसली. "अगदी तसंच."

"आणि नाडी मध्येच अडकली तर?"

हसायची थांबली. "वाचा जाईल, हातपाय जातील. जीवही जाऊ शकतो."

मुलगा म्हणतो, "या वयात कशाला?" मग काय मेल्यावर करू? संमतीच्या कागदावर सही ठोकली. अक्षर वाकडं, पण माझं.

१९ मार्च

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. "स्वभाव पातळ करायची नाही का मिळत?" — सून, स्वयंपाकघरात, हळूच. ऐकू आलं!

२७ मार्च

आहे मी! परवा झालं. दिवसभर पाय ताठ ठेवून ओंडक्यासारखी पडले. नर्स तासातासाला यायची, "आजी, किती बोटं?" "दोन. आणि नखं वाढलीत!" वाचा शाबूत, असं लिहून घेतलं तिने.

जाळीत प्लॅटिनम आहे म्हणे. नवऱ्याने जन्मात दागिना केला नाही, आता मिळाला तो कवटीच्या आत. मिरवू कुठे?

निघताना डॉक्टरीणबाईने विचारलं, घरात कुणी अचानक डोकं दुखून गेलंय का? धाकटी बहीण गेली, कणीक मळता मळता. बाईने लगेच कागदावर टिपलं. म्हणाली, मुलाचंही डोकं तपासून घ्या.

१४ एप्रिल

मुलाच्याही शिरेला फुगवटा निघाला. डॉक्टरीणबाईने विचारलं, "करायचं का?" पन्नाशीचा बाप्या माझ्या तोंडाकडे बघत बसला. सूनही. आणि मला — मला! — शब्द सुचेना. उद्या परत बोलावलंय. हो की नाही, ते त्यानेच सांगायचं. सुनेने नाही, मी तर नाहीच. त्यानेच!