शेवाळ कशानं वाढतं

बुऱ्हाणपूर,
रविवार, ९ मार्च २०२५

चि. सौ. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक. जळगावला तू, तुझी आई, सगळे बरे असाल. सासऱ्याचं पत्र बघून हसशील. पण तू आमचे फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी फोनवर बोलत नाही, ओरडतो, हे तुझंच म्हणणं. कागदावर ओरडता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

विषय तुझी माशांची टाकी. जाताना तू एवढंच बोललीस, "बाबा, माशांकडे बघाल ना?" मी हो म्हटलं होतं. तेव्हा आधी त्याबद्दलच लिहितो.

टाकी हिरवी झाली आहे. थोडीथोडकी नाही, काचेला अगदी चिकटल्याशिवाय मासा दिसत नाही. पहिला संशय मी उन्हावर घेतला. पूर्वेच्या खिडकीतून आता सकाळी चांगलंच ऊन येतं, म्हणून मागे पुठ्ठा लावला. मग दिव्यावर संशय. मी वीज खात्यातला माणूस, जन्मभर लोकांची लाईन कापली, आता माशांची कापली. दिवा जेमतेम संध्याकाळपुरता लावतो. गौरवच्या जुन्या एटीएम कार्डानं काच खरवडली. तू सांगितलं होतंस तसं पाव टाकी पाणी बदललं, तेही बादलीत रात्रभर ठेवलेलं. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धरता टाकीच्याच पाण्यात पिळला. दोन दिवस बरं दिसतं, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

शनवारा दरवाज्याजवळच्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातला मोहित म्हणाला, "अंकल, आप खाना ज़्यादा डाल रहे हो." माझं डोकंच फिरलं. चिमूटभर टाकतो, एकदाच टाकतो, आणि हा मला शिकवतो! त्यानं निमूटपणे एक औषधाची बाटली आणि दोन गोगलगायी गळ्यात मारल्या. म्हणे शेवाळ खातात. माझ्या ऑफिसातल्या काही लोकांसारख्या त्या एक कोपरा धरून बसल्या आहेत.

टाकीतली काळी मॉली मासोळी गेली. हे पत्राच्या शेवटी लिहिणार होतो, पण मनातून जाईना, म्हणून इथेच लिहून टाकलं. वाईट वाटलं गं.

आत्ता मध्येच उठून टाकी बघून आलो. तशीच आहे. हल्ली हे असंच चालतं. बसतो, उठतो, चहा गार होतो. तुझ्या सासूबाई म्हणतात, "काय घिरट्या घालून राहिले? बसा ना एका जागी!" बसवत नाही.

बाकी बातमी. सायलीला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. तुझी नणंद आहे, तुला कळायला हवं म्हणून सांगतो, दुसरा हेतू नाही. गौरव बँकेत जातो, येतो, जेवतो आणि दार लावून घेतो. नवरा तुझा, त्याचं त्यानं लिहावं, मी त्याची वकिली करणार नाही. गल्लीत लोक विचारतात, सूनबाई होळीला येणार ना? मी म्हणतो, गॅसवर दूध ठेवलंय, आणि आत येतो.

आता शुक्रवारचं ऐक. औषधं आणायला निघालो, चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आलो. बघतो तर अलका, तुझी सासू, टाकीसमोर उभी. डोक्यावर पदर, हातात वाटी, वाटीत कणकेच्या बारीक बारीक गोळ्या. एकेक गोळी पाण्यात सोडतेय आणि ओठ हलताहेत. मी वाकून बघितलं. टाकीतल्या त्या दगडाच्या मागे, तळाला, भिजून फुगलेल्या कणकेचा थर साचलेला. मासे खाऊन खाऊन किती खाणार? उरलेलं शेवाळाच्या पोटात. मोहित खरा ठरला आणि मी गावभर औषधं शोधत हिंडणारा येडा.

तुला ठाऊक आहे, दर मंगळवारी ती राजघाटावर तापीतल्या माशांना गोळ्या घालायची. आता गुडघ्यांमुळे पायऱ्या उतरवत नाहीत. मी विचारलं, "हे काय चालवलंय?" तर म्हणते, "तापी काय अन् टाकी काय, मासे तर मासेच ना!"

नवस कसला, हे मी विचारलंसुद्धा नाही. मला वाटलं, मला माहीत आहे. मी सुटलोच. "नातवासाठीच ना? एवढं होऊनही तुझं पोट भरलं नाही?"

एवढं होऊन म्हणजे काय, ते मी केव्हापासून टाळतोय. पण तुला ते माहीत असताना मी टाळण्यात काय अर्थ आहे? जानेवारीत सायलीची ओटी भरली त्या दिवशी तू पहाटेपासून राबत होतीस. सगळ्याजणींनी ओटी भरली, तू तांदूळ-नारळाचं ताट घेऊन पुढे झालीस, आणि अलका चारचौघींत म्हणाली, "तू राहू दे. तू आत पुऱ्यांचं बघ." तुझी दोन बाळं पोटातच गेली, हे तिथे कोणाला माहीत नव्हतं? पुऱ्या तळणारी बाई घरात होती. सगळ्यांना सगळं समजलं. तू आत गेलीस, पुऱ्या तळल्यास, पंगत वाढलीस, आणि दुसऱ्या दिवशी बॅग उचललीस. मी बाहेर पुरुषांत बसलो होतो. मला सायलीनं सांगितलं, तू गेल्यावर, रडत रडत. गौरव तर दारातच सरबताचा ट्रे घेऊन उभा होता म्हणे, आणि भिंतीकडे बघत होता.

मी अलकाला हे सगळं पुन्हा ऐकवलं, आवाज चढवून. तिनं ऐकून घेतलं. वाटी खाली ठेवली.

"झालं ओरडून?" म्हणाली. "नातू-बितू काही मागून नाही राहिली मी. ती मला आई म्हणत होती. सायली नाही म्हणत तशी म्हणत होती. आता कधी म्हणणार का नाही, तेच विचारून राहिली माशांना."

"मग तिला फोन कर की!"

"कोणत्या तोंडानं करू?"

मृणाल, मी उठून बादली आणली. आम्ही दोघांनी मिळून टाकी साफ केली. तिनं पाइप धरला, मी तळाचा सगळा गाळ ओढून काढला. गोळ्या बंद झाल्या. पाणी अजून हिरवंच आहे. मोहित म्हणतो, वेळ लागेल.

काल जेवताना तिनं एकदम सांगितलं, "मी जळगावला जाते." रंगपंचमीच्या दिवशी, १९ तारखेला, सकाळच्या गाडीनं. तुझ्या घरापर्यंत मी नको म्हणते, "तुम्ही आले तर तुम्हीच बोलाल." मी स्टेशनवर बसून राहणार आहे. गौरव म्हणाला, मी पण येतो. तर त्याला म्हणाली, "तू तुझं वेगळं जा. माझ्या मागे लपून नको जाऊ."

ती तुला न्यायला येत नाही. हे मी तिच्याकडून वदवून घेतलं आहे. आमच्या घरी परत यायचं की नाही, यात तिनं, मी, कोणी तोंड घालणार नाही. मासे मी सांभाळीन. तू दुसरीकडे कुठे राहायचं ठरवलंस तर टाकी मी स्वतः तिथे आणून देईन.

तिच्या पिशवीत तांदूळ, नारळ आणि खण असेल. तुझी ओटी भरायला आणते आहे असं समजू नकोस. ती स्वतःची ओटी तुझ्या हातून भरून घ्यायला येते आहे. तुझ्या आईसमोर, आणि शेजारच्या बायका असतील तर त्यांच्याही समोर. म्हणाली, "जो हात मी मागे सारला, त्याच हाताची ओटी पाहिजे मला." दारात आल्यावर हे तिला बोलता येईलच असं नाही. नुसती पदर धरून उभी राहील. तू गोंधळू नयेस म्हणून मी आधी कळवतो आहे.

नाही जमलं तर नको भरूस. मनाविरुद्ध तर मुळीच भरू नकोस. ती स्टेशनवर परत येईल, मी तिला काहीही विचारणार नाही, आणि तुला कधीही बोल लावणार नाही.

तू दार उघडलंस तरी, नाही उघडलंस तरी,
तुझा,
बाबा