पडीक रानातलं बुजगावणं

मंगळ., ३ मार्च
रान न पेरण्याचे पैसे मिळावेत कोणाला? सातबारा ज्याच्या नावावर त्याला, की कसतो त्याला? बोल्या तपासणं हीच माझी नोकरी, आणि मला उत्तर येत नाही.
आमची योजना अशी : माळावरच्या पक्ष्यांसाठी दहा वर्षं रान मोकळं सोडायचं. जो मालक कमी मोबदला मागेल, त्याची बोली लागते. आज इथे सिंगापुरात, पाया लेबारच्या ऑफिसात, ओळखीची बोली निघाली. इथल्याच पासिर रिसला राहणारे मोहनकाका, बँकेतले. त्यांचं गावाकडचं रान. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, ते अर्धलीने कसतात, निम्मं पीक काकांचं.
काकांनी लिहिलंय : ‘पडीक’.

रवि., ८ मार्च
काकांकडे जेवायला. तोंडात सतत पक्षी. माळढोक म्हणताना आवाज ओला होतो. टिटवी आणि कबुतर यांतला फरक विचारावा एकदा.
“काका, दादा कसतात ना ते?”
“अगं, पडीक लिहिलं की कसणाऱ्याची संमती लागत नाही. तू शिकलेली, तुला कळायला हवं!”
लेक रिया मोबाइलमधून मान वर न काढता, इथल्या पोरांसारखं शेवटी ‘ला’ जोडून, “पापाला फार्म कुठल्या साइडला तेच माहीत नाही, ला!”
सगळे हसले. काकूंनी पुन्हा श्रीखंड वाढलं. मी खाल्लंही. शी.
घरी येऊन दादांना फोन. त्यांना काहीच माहीत नाही. मी सगळं सांगितलं. मग, “आणि मी काय करू? टिटव्या राखू?”

सोम., ९ मार्च
पडीक असल्याचा पुरावा म्हणून काकांनी फोटो पाठवलाय. मेहुण्याकडून काढून घेतला असणार; स्वतः बघितलेला नाही, पैजेवर सांगते. ज्वारीची धाटं उभी, मधोमध बुजगावणं. अंगात माझा कॉलेज गॅदरिंगचा टी-शर्ट, जांभळा.
ज्या पक्ष्यांसाठी बोली, त्यांनाच हाकलायला उभं केलेलं! एवढा विद्वान बँकर.

मंगळ., १० मार्च
बॉस वेंडीला फोटो दाखवला. “नाव मालकाचं आहे ना? मार्क दे, पुढे जा, ला. तुझा इथला वर्क पास रिन्यूअलला आलाय ना?” गोड हसून. भिंतीवर हिचंच पोस्टर : ‘धरतीचे विश्वस्त’.
बोली रद्द झाली तरी काका दादांना काढतीलच, असं आई म्हणते. दादा म्हणतात, “तुला पटेल ते कर. मी पुढच्या पेरणीचं बी काढून ठेवलंय.”

बुध., ११ मार्च
जेवणाच्या सुट्टीआधी फोटोखाली लिहून पाठवलं : रान पडीक नाही. माझे वडील कसतात, त्यांची संमती नाही. टी-शर्ट माझा आहे. ही बोली मी तपासणार नाही.
वेंडीला पाठवलं, तिच्या वरच्यांना पाठवलं. काकांनाही.